नगरपालिकेत काम कसं करून घ्यायचं: अर्ज, पोहोच आणि पाठपुरावा

आमच्याकडं अजूनही बहुतेक लोक नगरपालिकेत जाऊन तोंडी सांगून येतात. "अहो आमच्या गल्लीतली लाईट गेलीय", "गटार तुंबलंय बघा", "घरपट्टीवर नाव चुकलंय". समोरचा माणूस मान हलवतो, बघतो म्हणतो, त्याच्या मनात खरंच बघायचं असतं सुद्धा, पण संध्याकाळपर्यंत असे तीस जण येऊन गेलेले असतात अन् तुमची लाईट त्याच्या डोक्यातून निघून जाते. गेली काही वर्षं मी घरच्या आणि गल्लीच्या कामासाठी या चकरा मारतेय, शेजारच्या काकू, वहिनी यांच्याबरोबरही जाते, त्यातून जे कळलं ते लिहितेय. आमचं गाव लहान, नगरपरिषद क वर्ग, पण कायदा सगळ्या नगरपरिषदा-नगरपंचायतींना एकच आहे, १९६५ चा, त्यामुळं थोड्याफार फरकानं हे सगळीकडं लागू पडेल.

आधी काम पालिकेचं आहे का ते बघा, निम्म्या चकरा इथंच वाया जातात. खांबावरचा दिवा पालिकेचा पण घरातली लाईट गेली तर महावितरण. गल्लीतला रस्ता पालिकेचा पण गावातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा पीडब्ल्यूडीचा नाहीतर हायवेवाल्यांचा असतो, त्यावरच्या खड्ड्यासाठी पालिकेत कितीही भांडलं तरी ते त्यावर खर्च करू शकत नाहीत. रेशनकार्ड तहसीलला, सातबारा तलाठ्याकडं, प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेला म्हणजे भूमी अभिलेखला. पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती, घरपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले, बांधकाम परवाना, आठवडे बाजार, स्मशानभूमी ही पालिकेची कामं.

मग माणूस कोणता धरायचा. नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडून आलेले, ते ठराव करतात. प्रत्यक्ष सही आणि कारभार मुख्याधिकाऱ्यांचा, ज्यांना सगळे सीओ म्हणतात. म्हणून कुठलाही अर्ज लिहायचा तो "मा. मुख्याधिकारी" यांच्याच नावानं, आणि त्याची एक प्रत नगरसेवकाला. २०२५ च्या निवडणुकीत नगरपरिषदेला एका प्रभागात दोन नगरसेवक (कुठंकुठं तीन) आणि नगरपंचायतीला एक अशी रचना आहे, तेव्हा दोघांनाही प्रत द्या, ते वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर जास्तच द्या. त्याआधी कित्येक गावांत बरीच वर्षं निवडणूकच नव्हती, प्रशासक होता, त्यामुळं लोकांना नगरसेवकाकडं जायची सवयच राहिली नाही. ती परत लावून घ्यायला हवी.

आता अर्ज. लांबलचक लिहू नका, एका अर्जात एकच विषय. गटार, लाईट आणि कुत्री एकाच कागदावर लिहिली तर तो कागद आरोग्य विभागाकडं जाणार का विद्युतकडं हेच ठरत नाही अन् मधेच पडून राहतो. विषय ओळीत जागा लिहा, नेमकी. "आमच्या भागातील दिवे बंद आहेत" असं नको. खांबावर नंबर रंगवलेला असतो तो बघून या आणि लिहा, "खांब क्र. अमुक, मारुती मंदिरासमोर, दिवा १० दिवसांपासून बंद". गटाराचं असेल तर कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत, अंदाजे किती फूट, पाणी कुठं साठतं. फोटो काढून प्रिंट जोडा, त्यावर तारीख टाका. खाली नाव, पत्ता, मोबाईल, सही. गल्लीचं काम असेल तर आठ-दहा जणांच्या सह्या घ्या, प्रत्येकाचा घर नंबर लिहून, नुसत्या सह्यांपेक्षा त्याला वजन येतं.

दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची ती आवक-जावकला, टेबलावरच्या साहेबाला नाही. तिथला क्लार्क लांब रजिस्टरमध्ये नोंद करतो, नंबर पडतो, आणि तुमच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून तोच नंबर, तारीख आणि सही करून देतो. ही पोहोच. शिक्का पुसट उठला असेल तर तिथंच सांगा, परत मारून घ्या, नंबर वाचता येतो का बघा. आणि घरी येऊन मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा कारण शिक्क्याची शाई फिकट होत जाते.

हे मी इतकं का सांगतेय तर माझे वडील गेल्यावर घरावर आईचं नाव लावायचं होतं. सगळी कागदं घेऊन गेले, टेबलावरचे भाऊ म्हणाले ठेवून जा ताई, मी बघतो, चांगले बोलले, मीही ठेवून आले. तीन महिन्यांनी गेले तर त्यांची बदली झालेली आणि नवीन आलेल्यांना फाईल सापडेना. सापडेना म्हणजे कोणाचा दोष धरणार, माझ्याकडं दिल्याचा पुरावाच नव्हता. मृत्यूचा दाखला, स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र, भावाबहिणींची संमती, सगळं पुन्हा केलं, आईला परत सहीला घेऊन गेले, तिचे गुडघे दुखतात, वरच्या मजल्यावर जिना चढून. दुसऱ्यांदा आवकला दिलं, पोहोच घेतली, पंधरवड्याच्या आत नाव लागलं. काम तेच, ऑफिस तेच, फक्त कागदाला नंबर होता.

नावावरून एक महत्त्वाचं. घरपट्टीच्या रजिस्टरला नाव लागलं म्हणजे मालकी लागली असं होत नाही. ती नोंद कर कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. मालकीच्या कागदासाठी सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर वारस नोंद वेगळी करावी लागते, नळाचं आणि लाईटचं बिल आणखी वेगळं. लोक एक करतात अन् तीन विसरतात, मग घर विकायच्या किंवा कर्जाच्या वेळी धावपळ. एकदाच सगळ्या कागदांच्या चार-पाच झेरॉक्स सेट करून घ्या.

घरपट्टीचं बिल आलं की आकडा बघून बाजूला ठेवू नका, आतलं वाचा. क्षेत्रफळ किती धरलंय, बांधकाम आरसीसी धरलंय का पत्र्याचं, वापर निवासी का व्यावसायिक, स्वतः राहता का भाडेकरू. यातली एक चूक असेल तर पट्टी बरीच वाढते. एक ओळखायची खूण सांगते, बिलात रोजगार हमी कर लागलेला दिसला तर तुमचं घर किंवा त्यातला काही भाग बिगरनिवासी म्हणून नोंदलाय, कारण तो कर राहत्या घराला नसतो. आमच्या शेजारी एका आजींनी पूर्वी पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान चालवलेलं, ते बंद होऊन कित्येक वर्षं झाली पण बिलात दुकान चालूच होतं. अर्ज दिला, मुकादम येऊन पाहून गेला, पुढच्या वर्षीपासून कमी झालं.

साधारण चार वर्षांनी पालिका सगळ्या घरांची फेरआकारणी करते. त्यावेळी नोटीस येते आणि हरकत घ्यायची मुदत त्यावर लिहिलेली असते, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर सुनावणी मिळते, नंतर गेलं तर तेच काम दहापट अवघड. आणि बिल चुकीचं आहे म्हणून भरायचंच नाही असं करू नका, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४, बँकेच्या कर्जापेक्षा जास्त. निदान जेवढं मान्य आहे तेवढं भरून पावती घ्या, सोबत हरकतीचा अर्ज द्या.

दाखल्यांचं थोडक्यात. जन्म किंवा मृत्यू झाला की २१ दिवसांत नोंद व्हायला हवी. दवाखान्यात झालं तर दवाखाना कळवतो, पण मृत्यू घरी झाला तर घरच्यांनीच जायचं असतं, दुःखात ते राहून जातं, तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी आठवण करून द्यावी आणि डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा कागद त्याच दिवशी घ्यावा. दाखला छापायच्या आधी नावाची स्पेलिंग दोन्ही भाषांत वाचून बघा, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कानामात्रा सगळं, नंतर दुरुस्ती करायला शाळेपासून आधारपर्यंत पुरावे गोळा करत बसावं लागतं.

उशीर होत असेल तर भांडायची गरज नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात कुठली सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरवून दिलंय, आणि तो बोर्ड ऑफिसच्या दर्शनी भागात लावायचाच असतो. दाखले, घरपट्टीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला यांना साधारण ३ दिवस, नळजोडणी किंवा वारसानं नाव लावायला १५ दिवस, तुमच्या पालिकेच्या बोर्डावर जे लिहिलंय ते धरा. बोर्डावरच कोणी सेवा द्यायची आणि अपील कोणाकडं हेही असतं. मुदत गेली की ३० दिवसांच्या आत साधं अपील करायचं, विनाकारण उशीर केल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला तर पोहोच आपोआप मिळते, मुलांना सांगा करून द्यायला.

गटार, रस्ता, पेव्हर ब्लॉक अशी मोठी कामं मात्र तीन दिवसांत होत नाहीत आणि याचा राग येण्याआधी ती कशी सरकतात ते समजून घ्या. अर्ज जातो बांधकाम विभागाला, इंजिनिअर जागा बघून इस्टिमेट करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते, पैसे कुठल्या हेडमधून ते ठरतं (वित्त आयोग, नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, नाहीतर पालिकेचा स्वतःचा फंड), सभेत ठराव होतो, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. प्रत्येक टप्प्याला फाईल थांबू शकते. म्हणून "आमचं काम कधी होणार" असं विचारू नका, त्याला उत्तरच नसतं, "इस्टिमेट झालं का", "ठराव कितव्या नंबरचा", "वर्क ऑर्डर कोणत्या तारखेची" असं विचारा. समोरच्याला फाईल काढावीच लागते.

वेळही साधावी लागते. बजेट फेब्रुवारीच्या आसपास मंजूर होतं, म्हणजे तुमचं गटार त्यात यायचं असेल तर अर्ज डिसेंबर-जानेवारीत जायला हवा. मार्चमध्ये जाऊ नका, सगळे वसुलीत अडकलेले असतात. नालेसफाईचा अर्ज एप्रिलमध्ये द्या, पहिला पाऊस पडल्यावर नाही.

सर्वसाधारण सभा लोकांना बघायला खुली असते, एखादा विषय सोडला तर, आणि तरीही तिथं आपण कोणी जात नाही. बोलता येत नाही, पण बसता येतं. अजेंडा आधी निघतो, नगरसेवकाकडून मागून घ्या, तुमच्या गल्लीचा विषय आहे का बघा, असेल तर चार-पाच जणी जाऊन मागच्या बाकावर बसा. आम्ही एकदा बसलो होतो. गटाराचा विषय १४ वा होता, आधीच्या सभेत तो पुढं ढकललेला, त्या दिवशी वाचला गेला, आमच्या नगरसेविकेनं सूचक म्हणून नाव दिलं, एकानं अनुमोदन दिलं, दोन मिनिटांत मंजूर. त्या दोन मिनिटांसाठी आम्ही पावणेदोन वर्षं वाट बघितली होती, बाहेर आल्यावर एका वहिनीच्या डोळ्यात पाणी आलं कारण तिच्याच दारात पावसाळाभर ते पाणी साठायचं.

हे सगळं करूनही उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार. साधा कागद, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. "का केलं नाही" असं विचारू नका, "का" ला ते उत्तर देत नाहीत, कागद मागा. मी असं लिहिते: "माझा दि. अमुक रोजीचा अर्ज, आवक क्र. अमुक, यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची व पत्रव्यवहाराची प्रत मिळावी." बस एवढंच. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, प्रतीला पानाला २ रुपये. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. बऱ्याचदा अपिलापर्यंत जावंच लागत नाही, हा अर्ज आत गेला की मूळ अर्ज शोधला जातो आणि काम हलतं. पण बघा, आवक नंबर नसेल तर हा अर्ज लिहिताच येत नाही. याच्याही वर कलेक्टर ऑफिसचा लोकशाही दिन आहे, महिन्याचा पहिला सोमवार, तिथंही आधी कुठं अर्ज दिला त्याच्या पोहोचा जोडाव्या लागतात.

आणि काम मंजूर होऊन सुरू झालं की घरात बसू नका. इस्टिमेटची प्रत मागून घेतलेली असेल तर त्यात गटाराची रुंदी, खोली, खाली किती जाडीचं काँक्रीट हे सगळं असतं, टेप घेऊन मोजा. उतार कुठल्या बाजूला देतायत ते पाणी ओतून बघा, ठेकेदाराच्या माणसांसमोरच, कारण एकदा सिमेंट बसल्यावर उतार बदलत नाही. आमच्याकडं पहिल्या दिवशी उतार उलटा, म्हणजे वहिनीच्या दाराकडंच येत होता, बादलीभर पाणी ओतल्यावर सगळ्यांना दिसला, इंजिनिअरला फोन केला, ते दुपारी आले, लेव्हल परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी खोदून बरोबर करून दिलं.