व्याकरण बरोबर, तरी ग्राहक नाराज? इंग्रजी मेलमधल्या या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतून परदेशी कंपनीला कास्टिंगबद्दल, म्हणजे धातूच्या ओतीव भागांबद्दल, मेल जातो. व्याकरण बिनचूक असतं, तरी उत्तर तुटक येतं. अशा वेळी शब्दांची छटा तपासून बघा. आपण इंग्रजी शब्द मराठी जोडीदार लावून पाठ करतो: डाउट म्हणजे शंका, चीप म्हणजे स्वस्त. अर्थ पोचतो, पण शब्दाला चिकटलेला मान-अपमान लहानपणापासून ती भाषा ऐकणाऱ्यालाच आपसूक कळतो.

सगळ्यांत जास्त घात ‘डाउट’ करतो. मराठीत शंका विचारणं म्हणजे नीट लक्ष देऊन ऐकल्याची खूण. वर्गात सरच विचारतात, ‘काही शंका?’ पण ‘आय हॅव अ डाउट इन युवर ड्रॉइंग’ वाचून इंग्लंड-अमेरिकेतल्या इंजिनिअरला वाटू शकतं, माझ्या ड्रॉइंगवर यांचा भरवसा नाही. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. नुसता शब्द बदलून थांबू नका. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि नेमकं माप द्या: ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द बोअर टॉलरन्स, रिव्हिजन बी.’

‘स्वस्त आणि मस्त’ ही आपल्याकडे शाबासकी. ‘चीप’ म्हटलं की किमतीबरोबर दर्जाही उतरतो. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, 2019 पासून जीआय (भौगोलिक) मानांकन, आणि अशी कोल्हापुरी चप्पल आपणच ‘चीप अँड बेस्ट’ म्हणून विकायची? कारागिराच्या कष्टांवर हा अन्याय आहे. किंमत सरळ आकड्यात लिहा, विशेषण हवंच असेल तर ‘अफोर्डेबल’ घ्या. तुलनेत मात्र ‘चीपर’ खटकत नाही: विमानापेक्षा जहाजाचं भाडं ‘चीपर’ आहे, असं खुशाल लिहा.

‘डिमांड’चंही तसंच. बाजारात मालाला ‘डिमांड’ आहे, हे ठीक. ‘वी डिमांड 30 पर्सेंट अ‍ॅडव्हान्स’ ही मात्र दमदाटी वाटते. ‘अवर टर्म्स आर 30 पर्सेंट अ‍ॅडव्हान्स’ पुरे. आठवणीच्या मेलमध्ये ‘काइंडली’ अनेकांना चिडल्यासारखं ऐकू येतं. ‘प्लीज’ बरं.

‘कॉज’ची चूक चटकन दिसत नाही. मराठीत ‘मुळे’ चांगल्या-वाईट दोन्हींना चालतं. ‘कॉज’ या क्रियापदाच्या पुढे मात्र बहुतेक वेळा नुकसान, त्रास, आजार, उशीर असंच काही येतं. त्यामुळे साच्याच्या नव्या वाळूबद्दल ‘न्यू सँड कॉज्ड बेटर फिनिश’ वाचणारा मध्येच अडखळतो. ‘गेव्ह’ किंवा ‘लेड टू’ लिहा.

मातृभाषिकही सगळे सारखे नसतात. पन्हाळ्याच्या होमस्टेचं वर्णन ‘होमली’ केलं, तर ब्रिटिश पाहुण्याला घरगुती ऊब जाणवेल. अमेरिकेत हाच शब्द माणसाला लावला की ‘दिसायला सुमार’. सवलतीची ‘स्कीम’ ब्रिटनमध्ये साधी योजना, अमेरिकनाला तिच्यात कारस्थानाचा वास येतो. तिथे ‘ऑफर’ किंवा ‘प्रोग्रॅम’ म्हणा.

शब्दाबद्दल खात्री नसेल तर दोन ठिकाणी बघा. आधी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश: तिथे नापसंतीच्या शब्दापुढे ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी खूण असते. मग ‘कोका’ हा अमेरिकन इंग्रजीचा 100 कोटींहून अधिक शब्दांचा संग्रह इंटरनेटवर उघडा, शब्द टाका आणि 20 ओळी वाचा. शेजारी कोणते शब्द येतात ते कागदावर लिहून काढा. 15 वाईट निघाले, तर तो शब्द आनंदाच्या बातमीत नको.

ग्राहक जर्मन असेल तर अडचण उलट बाजूनं येते. तो ‘अ‍ॅक्च्युअल प्राइस लिस्ट’ मागतो तेव्हा त्याला बहुधा सध्याचे दर हवे असतात, कारण त्याच्या भाषेत ‘आक्टुएल’ म्हणजे चालू. ‘वी विल इव्हेंच्युअली ऑर्डर 500 पीसेस’ असं आलं तर लगेच भट्टी पेटवू नका. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे ‘अखेरीस’, पण जर्मन ‘एव्हेंटुएल’चा अर्थ ‘कदाचित’ असा आहे. ‘इज धिस अ फर्म ऑर्डर?’ एवढं विचारा आणि पीओ (परचेस ऑर्डर) नंबर मागा.