स्टेपनीसोबतचा जॅक: टन नंतर बघा, आधी पट्टी घेऊन खाली बसा

मे महिन्यात आमच्या धाकटीने सेकंडहॅण्ड वॅगनआर घेतली, सीएनजीवाली. गाडी तपासायला मीच गेलो होतो. इंजिनाचा आवाज ऐकला, टायर पाहिले, कागदपत्रं चाळली. घरी आणल्यावर डिकी उघडली तर स्टेपनी आहे, पाना आहे आणि जॅक गायब. जुन्या गाडीत हे नेहमीचंच, पण रबाळे एमआयडीसीत ३० वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढलेल्या माणसाने न पाहावं म्हणजे कमालच. "बाबा, आता नवीन तुम्हीच आणा," असं तिने सुनावलं.

आणायला हरकत नव्हती. पण जॅक निवडण्यात मी एकदा सपशेल आपटलोय, ते आधी सांगतो.

माझ्या डिझायरचा मूळचा जॅक गंजून अडकला, तेव्हा मी ऐटीत तीन टनी हायड्रॉलिक बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर उचलणारा, बाटलीसारखा उभा) घेतला. कंपनीत वीस टनी बॉटल जॅकवर मशिनं उचललेली, त्यामुळे गाडीतले ते कैचीसारखे जॅक मला खेळणं वाटायचे. पुढे जुलैत भिवंडीहून मेव्हणीकडचं जेवण आटोपून परत येताना मुंब्रा बायपासवर डावं पुढचं चाक बसलं. रात्रीचे साडेनऊ, वर पाऊस, बाजूने जेएनपीटी बंदराचे ट्रेलर असे जात होते की आख्खी गाडी हलायची. मी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू रुंद जागेपर्यंत नेली (टायरची वाट लागली तर लागू दे, त्या वळणांवर थांबायचं नाही), जॅक काढला आणि दाराखाली सरकवला. तो जाईचना. जॅक पूर्ण खाली बसवून १९ सेंटिमीटर उंच, आणि हवा गेल्यावर दाराखाली जागा उरली होती जेमतेम १५.

ही आत बसून विचारत होती, "अहो, झालं का?" शेवटी पुढे थांबलेल्या एका ट्रेलरवाल्याने दोन इंच जाडीची फळी दिली. बसलेलं चाक त्या फळीवर चढवलं, तेव्हा कुठे जॅक आत गेला. त्याचं डोकं गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे दाराखालची पत्र्याची कड दुमडली. ती अजून तशीच आहे, दाखवतो कुणालाही.

तर टन ही शेवटची गोष्ट. माझी डिझायर रिकामी एक टनाच्या आतबाहेर. एक कोपरा उचलताना जॅकवर त्यातला काही भागच येतो. छोट्या गाडीला एक टनाचा चांगला जॅक चालतो, दीड-दोन टनाचा असेल तर उत्तम. तीन टन लिहिलेला घेतला म्हणून गाडी जास्त उचलली जात नाही. खरी गरज दोन उंचींची आहे: चाक पूर्ण बसलेलं असताना जॅक आत जाईल का, आणि फुगलेली स्टेपनी बसेल इतका वर जाईल का. या दोन्ही तुमच्या गाडीवर मोजायच्या.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पट्टी घेऊन बसा. दाराखाली पत्र्याची उभी कड असते, तिला पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ दोन-दोन खाचा असतात. जॅक त्या दोन खाचांच्या मध्ये लागतो, दुसरीकडे कुठेही नाही. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. माझ्या गाडीत ते २१ सेंटिमीटर भरलं. मग पंप जवळ ठेवून एका चाकाची हवा खरंच सोडा आणि पुन्हा मोजा. हवा सोडायची नसेल तर अंदाज बांधता येतो. टायरवरचा आकडा वाचा. १६५/८० म्हणजे रुंदी १६५ मिलीमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलीमीटर. धाकटीच्या वॅगनआरचे टायर १४५/८०, भिंत ११६. गाडी उभी असते तेव्हा रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत जेवढं अंतर दिसतं, त्यातलं तीन-चार सेंटिमीटर सोडून बाकी सगळं हवा गेल्यावर संपतं, असं धरून चाला.

आता यात फळीची जाडी धरायला विसरू नका. जॅकखाली मी आठ बाय दहा इंचाचा, १८ मिलीमीटरचा मरीन प्लायचा तुकडा ठेवतो. सुताराकडे उरलेला मागितला तर फुकट मिळतो. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचा चिखल, पेव्हर ब्लॉक आणि उन्हाळ्यात नरम झालेलं डांबर, या तिन्हींत जॅकची बैठक रुतते किंवा कलते. पण प्लाय खाली गेला की तेवढी जागा कमी होते. म्हणजे माझे १५ मधले दोन गेले, राहिले १३. म्हणून जॅक बंद अवस्थेत ११ सेंटिमीटरच्या वर नको. चांगले कैची जॅक दहा-अकराला बसतात. म्हणून छोट्या गाडीत बॉटल जॅक मी कुणाला सुचवत नाही. शिवाय तो उभाच ठेवावा लागतो, आडवा पडला तर तेल गळण्याची भीती, आणि डिकीत वर्षानुवर्षं पडून त्याचे सील सुकतात.

वरची उंची मोजायला थोडी मेहनत आहे. गाडी उचलताना स्प्रिंग मोकळी होते आणि चाक लटकत खाली येतं, त्यामुळे खाच वर गेली तरी चाक लगेच जमीन सोडत नाही. बसलेलं चाक सुटलं की माणूस थांबतो आणि मग फुगलेली स्टेपनी घुसत नाही, कारण तिला पाऊण इंच आणखी हवा असतो. माझ्याकडे खाच ३१ सेंटिमीटरपर्यंत न्यावी लागते. जॅक ३६-३८ पर्यंत उघडणारा घ्या, म्हणजे काम मधल्या उंचीत होतं. टोकापर्यंत उघडलेला कैची जॅक काठीसारखा उंच नि अरुंद होतो आणि डुलतो.

कैची जॅकची एक खोड माहीत असलेली बरी. सुरुवातीला जॅकचे हात, म्हणजे कैचीच्या पट्ट्या, चपटे असतात, तेव्हा हॅण्डल जड लागतं, पण एका फेरीत गाडी बरीच उचलली जाते. वर जाईल तसं हॅण्डल हलकं होतं आणि उचलणं हळू होतं. त्यामुळे पहिल्या पाच-सहा फेऱ्या घट्ट गेल्या म्हणून जॅक खराब समजू नका. त्याचे आटे असे काढलेले असतात की हॅण्डल सोडलं तरी स्क्रू स्वतः उलटा फिरत नाही. हायड्रॉलिकमध्ये हे काम तेल आणि सील करतात, आणि सीलवर माझा विश्वास निवृत्तीबरोबरच संपला.

दुकानात गेलात की खोका उघडून घ्या, बंद खोक्यातला जॅक घेऊ नका. मी कोपरखैरण्यातल्या एका दुकानात तीन पाहिले. पहिला हातात घेतला तर पोह्याच्या डब्याएवढा हलका, पत्रा बोटाने दाबला तर लवतोय की काय असं वाटलं. बाजूला ठेवला. दुसरा वजनदार होता, पण पूर्ण उघडून बैठकीजवळ पाहिलं तर दोन हातांचे दाते, जे एकमेकांत बसायला हवेत, ते एका बाजूला अर्धेच पकडत होते. असा जॅक वजनाखाली कलतो. दुकानदार म्हणाला, "काका, रंग लागलाय, सुटेल." नाही सुटत. तिसऱ्याचे दाते नीट होते, रिवेट भरीव, स्क्रू सरळ. डोळ्यासमोर धरून फिरवताना तो डुलला नाही, आटे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका हाताने गेले. साडेअकराशेला घेतला.

डोकं कसं आहे हेही तिथेच बघा. मध्ये खाच असलेलं डोकं पत्र्याची कड पोटात घेतं आणि वजन कडेच्या दोन बाजूंवर जातं. सपाट डोकं असेल तर चीर पाडलेली रबरी गट्टी वेगळी घ्या, नाहीतर माझ्या गाडीची कड बघायला या. हॅण्डल लांब असावं. आखूड असलं की प्रत्येक फेरीला बोटांची सालं रस्त्यावर निघतात आणि तोंड गाडीखाली न्यावं लागतं. काही जॅकच्या स्क्रूच्या टोकाला षटकोनी नट असतो, त्यावर चाकाचाच पाना बसला तर सोन्याहून पिवळं. तुमच्या चाकाचे नट १९ मिलीमीटरचे की २१ चे, ते घरीच पाना लावून बघा. गाडीसोबतचा एल आकाराचा पाना तोकडा असतो. टायरवाल्याच्या हवेच्या गनने आवळलेले नट त्याने हलत नाहीत, त्यामुळे लांब होणारा पाना जॅकसोबतच घ्या.

चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक वापरायला सुख आहे, पण लहान म्हटला तरी आठ-नऊ किलोंचा. सीएनजी सिलिंडर, शेजारी उभी स्टेपनी आणि भाजीच्या पिशव्या यांत त्याला जागा कुठे? तो सोसायटीत चारजणांनी मिळून घ्यावा. बारा व्होल्टवर चालणारे इलेक्ट्रिक जॅक मी वापरलेले नाहीत, आणि पावसात बॅटरीच्या भरवशावर बसायची मला हौस नाही.

जागेचा विषय निघालाच आहे, तर जॅक स्टेपनीच्या रिमच्या खोलगट भागात बसतो का ते मोजा. बऱ्याच गाड्यांत जॅकसाठी क्लॅम्प असतो. त्यात ठेवून स्क्रू थोडा उघडला की जॅक दोन्हीकडे आवळून बसतो, खडखडत नाही. क्लॅम्प नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून बांधा. एकच नियम: सामान न उपसता जॅक हाताला लागला पाहिजे.

मुलीला मी पार्किंगमध्ये दोनदा चाक बदलायला लावलं. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, कारण तिने गाडी उचलून मग नट सोडायला घेतले आणि चाकच फिरायला लागलं. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धी फेरी ढिले करायचे. तिने विचारलं, "गिअर टाकलाय ना, मग हॅण्डब्रेक कशाला?" प्रश्न चांगला होता. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं पुढचं चाक गिअरमध्ये असूनही घरंगळू शकतं. तेव्हा गाडी धरतो तो मागचा हॅण्डब्रेक. मागचं चाक उचलताना हॅण्डब्रेकच्या दोन चाकांतलं एक हवेत असतं, तेव्हा गिअर उपयोगी पडतो. म्हणून दोन्ही, आणि तिरप्या समोरच्या चाकाला दगड किंवा ठोकळा. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवायचं, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकते. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली न्यायचा नाही, जॅक कितीही भारी असला तरी. नट समोरासमोरचे आवळायचे आणि शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर.

खाडीकाठच्या दमट हवेत जॅकचा स्क्रू दोन पावसाळ्यांत लालसर होतो. पावसाआधी आणि दिवाळीला एकदा पूर्ण उघडून आट्यांना ग्रीस लावा. घरातलं खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

आणि स्टेपनीची हवा बघा, कारण जॅक कितीही चांगला असला तरी आत मऊ टायर असेल तर काय उपयोग. हे लिहिता लिहिता खाली जाऊन मी माझीच तपासली. गेजवर १९. तेहतीस हवी. पंप धाकटीच्या गाडीत राहिलाय, तिला फोन लावतो.