मुलांसाठी सामान्यज्ञानाचे पुस्तक पारखताना

इंदूरच्या खजुरी बाजारात सामान्यज्ञानाची पुस्तके ढिगांनी मिळतात, आणि मुखपृष्ठावरचा वाघ किंवा अग्निबाण पाहून मूल त्यांतले एखादे उचलते. पुढे त्यातले प्रत्येक विधान ते खरे मानून पाठ करणार असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी पालकांनी दुकानातच उभे राहून दहा मिनिटे ते पुस्तक तपासावे.

आवृत्तीचे वर्ष पाहावेच, परंतु तेवढ्यावर विसंबू नये, कारण जुनाच मजकूर नव्या वर्षाचा शिक्का मारून पुन्हा छापला जातो. त्याऐवजी बदललेल्या गोष्टींची पाने उघडावीत. सध्या भारतात 28 राज्ये आणि 8 केंद्रशासित प्रदेश आहेत. पुस्तकात 29 राज्ये असतील, तर मजकूर 2019 मधील जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेपूर्वीचा आहे. प्लूटोला 2006 पासून ग्रहांत गणले जात नाही. चित्ता भारतातून नामशेष झाला हे 1952 च्या संदर्भात बरोबर आहे, पण 2022 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून चित्ते आणले गेले, याचा उल्लेख नसेल तर ती माहिती अपुरी ठरते. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे आणि चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही दोन विधाने एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आली आहेत. कोणताही खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय म्हणून घोषित झालेला नाही आणि ती भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. ही दोन्ही विधाने एकाच पुस्तकात आढळली, तर लेखकाने स्वतः काही पडताळलेले नाही असे समजावे.

आपल्याकडील मराठी घरांनी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. मराठी पुस्तके बहुधा पुण्या-मुंबईकडून येतात आणि त्यांतील ‘आपले राज्य’ म्हणजे महाराष्ट्र असते. त्यात राज्यप्राणी म्हणून शेकरू आणि स्थापना दिन म्हणून 1 मे शिकलेले मूल शाळेत तेच उत्तर देते आणि चुकते, कारण मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी बारशिंगा आहे आणि येथील स्थापना दिन 1 नोव्हेंबर, वर्ष 1956. एवढ्या कारणासाठी मराठी पुस्तक नाकारू नये, मात्र अशा पानांवर पालकांनी पेन्सिलीने आपल्या राज्याची माहिती शेजारी लिहून द्यावी. मुलाला दोन्ही राज्ये कळतील आणि मराठी वाचनही चालू राहील.

यानंतर प्रश्नांचे स्वरूप पाहावे. ‘सर्वांत उंच शिखर कोणते?’ असे एका शब्दात संपणारे प्रश्नच पानोपानी असतील, तर मूल स्पर्धेपुरते पाठ करील आणि विसरेल. एव्हरेस्टची 8848.86 मीटर ही उंची 2020 मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केली, आणि उंची पुन्हा का मोजावी लागली, एवढे दोन ओळींत सांगणारे पुस्तक त्याहून कितीतरी मोलाचे आहे. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मोठा टाइप आणि एका पानावर थोडाच मजकूर असावा. दहा वर्षांपुढील मुलाला नकाशे व कालक्रम हवेत. स्पर्धा परीक्षांसाठीची जाडजूड पुस्तके या वयात देऊ नयेत.

माणसांविषयीची पानेही बारकाईने वाचावीत. माळवा-निमाडातील भिल्लांबद्दल किंवा इतर आदिवासींबद्दल ‘मागासलेले’ एवढेच लिहून लेखक पुढे गेला असेल, किंवा शास्त्रज्ञांच्या यादीत एकही स्त्री नसेल, तर मुलाच्या मनावर काय बिंबेल याचा विचार करून ते पुस्तक बाजूला ठेवावे.

शेवटी मुलालाच एक पान मोठ्याने वाचायला सांगावे. ते प्रत्येक ओळीला अडखळत असेल, तर पुस्तक अजून त्याच्या वयाचे नाही. वाचता वाचता ‘पण असे का?’ असे विचारत असेल, तर ते घरी न्यावे.