लंडनचं विमान खरं किती तास?
आपल्या बडोद्यात घरटी एक जण तरी बाहेर असतो, त्यामुळे दांडिया बाजारपासून हरणीपर्यंत हा प्रश्न कायम. तिकिटावरचे दोन्ही टाइम त्या त्या गावचे असतात, थेट वजाबाकी करू नका! मुंबईहून दुपारी २ ला निघालं आणि लंडनला संध्याकाळी ६:३० ला पोचलं म्हणजे साडेचार तास नाही, थंडीत तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे असतं (उन्हाळ्यात साडेचार), ते मिळवा, झाले १० तास. अंतर सरळ रेषेत साधारण ७२०० किलोमीटर, ताशी ८५०-९०० धरलं तर आठेक तासच यायला हवेत, पण वरती पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना तासभर तरी वाचतो. शिवाय रूट वाकडा होतो, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं तेव्हा वेळ वाढलाच की. आणि अहमदाबादहून जाणार असाल तर एक्सप्रेसवेचे दोनेक तास, वर तीन तास आधी पोचायचं, हे कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही, आईबाबांना एकटं पाठवताना हे आधी धरा.