सीए फाउंडेशनच्या आधी कॅल्क्युलेटरवर हात बसवताना

सीएच्या परीक्षेत बॅटरीवर चालणारा, आवाज न करणारा, १२ अंकी साधा कॅल्क्युलेटर चालतो. फंक्शन्स सहापर्यंत, मेमरी दोनपर्यंत. सायंटिफिक चालत नाही. अभ्यास सुरू करतानाच तो विकत घ्या आणि परीक्षेला तोच न्या. कॅसिओ आणि सिटिझन दिसायला सारखे असले, तरी एकाच बटणाला वेगळे वागतात.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी टाइप डाव्या हाताने करावं, असं आमचं ठाम मत आहे. पेन खाली ठेवावं लागत नाही, उत्तर लगेच कागदावर उतरतं. ५ च्या बटणावर बहुधा बारीक उंचवटा असतो. तिथे मधलं बोट, तर्जनी ६ वर, अनामिका ४ वर. मोबाइलवर सराव करू नका, काचेवर तो उंचवटा लागत नाही.

पेपर हातात येण्याआधी वरचे दोन स्विच बघा, दशांशाचा आणि राउंडिंगचा. दशांशाचा स्विच २ वर राहिला, तर ०.७५१३ चं ०.७५ होतं आणि १ लाखाच्या रकमेत १३० रुपयांची चूक पडते. 'ए' वर असेल तर बेरीज-वजाबाकीत २५० चे २.५० होतात. स्विच 'एफ'वर, म्हणजे दशांश न कापणाऱ्या खुणेवर ठेवा, राउंडिंग शेवटी स्वतः करा.

चक्रवाढीला खरा वेळ वाचतो तो = च्या बटणाने. १०,००० रुपये, ८ टक्के, ३ वर्षं: सिटिझनवर १.०८ × १०००० आणि तीनदा =. उत्तर १२,५९७.१२. कॅसिओवर १.०८ नंतर × दोनदा दाबायचं, पडद्यावर 'के' (आकडा कायम धरल्याची खूण) उमटतो, मग १०००० आणि तीनदा =. म्हणूनच कॅसिओवर घाईत × दोनदा दाबलं गेलं की पुढचं गणित भलतंच येतं. 'के' दिसला तर एसी दाबून पहिल्यापासून करा.

अ‍ॅन्युइटीसाठी, म्हणजे दरवर्षी मिळणाऱ्या १ रुपयाचं आजचं मूल्य काढायला, १० टक्के, ३ वर्षं: सिटिझनवर १ ÷ १.१, तीनदा =, मग जीटी (ग्रँड टोटल). २.४८६९ मिळतं, कारण प्रत्येक = चं उत्तर जीटीत जमा होत जातं. कॅसिओवर १.१ ÷ ÷ १ असा उलटा क्रम. आधीचा जीटी शिल्लक असेल तर हा आकडा फुगतो, तेव्हा पडद्यावरची जीटीची खूण गेली आहे ना, ते पाहूनच सुरुवात करा.

साध्या कॅल्क्युलेटरला गुणाकार आधी करायचं कळत नाही. १०० + ५० × २ चे तो ३०० करतो, उत्तर २०० हवं. अशा ठिकाणी मेमरी वापरा: १२ × ४५ एम प्लस, ८ × ११० एम प्लस, ५ × ६० एम मायनस, मग मेमरीतला आकडा दाखवणारं एमआरसी. उत्तर १,१२०. सी दाबून मेमरी पुसली जात नाही, हे नवखे हमखास विसरतात.

% च्या बटणापासून लांबच राहा. ४८० + २५ % ला काही यंत्रं ६०० देतात, काही ६४०. दुसऱ्या उत्तरात २५ टक्के नफा विक्रीच्या किमतीवर धरलेला असतो. थेट ४८० × १.२५ करा, ते सगळीकडे ६०० च येतं.