फुटबॉलपटूचा पहिला व्यावसायिक करार आणि पहिलं लोन: सही करण्याआधी

करार हातात आला की डोळे पगाराच्या आकड्यावर जातात. आधी मुदत बघा. फिफाच्या नियमांप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूला ३ वर्षांपेक्षा मोठा करार करता येत नाही. मुदतवाढीचा हक्क एकट्या क्लबला दिला असेल, तर वाढीव वर्षाचा पगार आणि तो हक्क वापरायची शेवटची तारीख लिहून घ्या. नाहीतर चांगला खेळूनही जुन्याच पगारावर अडकाल.

बोनसचं कलम तर शब्दन् शब्द वाचावं. नुसतं 'प्रत्येक सामन्यासाठी' असं लिहिलं असेल तर भांडण ठरलेलं. पहिल्या अकरात असाल तरच पैसे, की ८५व्या मिनिटाला बदली म्हणून उतरलात तरीही? बेंचवर बसून राहिलात तर? नवख्याचा बराच मोसम बेंचवरच जातो, म्हणून हे स्पष्ट हवंच.

वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी उरका. तपासणीत पास झालात तरच करार लागू, अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही.

पगार थकला तर रागाच्या भरात सराव सोडू नका, करार मोडल्याचा ठपका तुमच्यावरच येईल. दोन महिन्यांचे पगार बेकायदा थकले की क्लबला लेखी नोटीस द्या आणि पैसे भरायला किमान १५ दिवस द्या. तरीही जमा झाले नाहीत, तर करार संपवायला सबळ कारण मिळतं. त्यासाठी कराराची सही झालेली प्रत आणि बँकेचे उतारे स्वतःजवळ हवेत, एजंटकडे नव्हे. एजंटचा परवानाही तपासाच.

आता लोन, म्हणजे मूळ क्लबशी करार कायम ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळणं. वय १८-१९ असताना मोठ्या क्लबच्या राखीव संघापेक्षा खालच्या लीगमध्ये दर आठवड्याला ९० मिनिटं मिळणं आम्हाला कितीतरी मोलाचं वाटतं. पण जाण्याआधी विचारा: तुमच्या जागेवर तिथे आधीच किती जण आहेत? मूळ क्लब मधेच परत बोलावू शकतो का? दुखापत झाली तर उपचार कोण करणार? आणखी एक, एका मोसमात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने सहसा दोनच क्लबांकडून खेळता येतात. मोसमाच्या सुरुवातीला मूळ क्लबकडून कप सामन्यात पाच मिनिटं उतरलात तरी तो एक क्लब मोजला जातो. मग लोनवर एखाद-दुसऱ्या सामन्यातच खेळायला मिळालं म्हणून जानेवारीत तिसऱ्या क्लबकडे गेलात, तर तिथे नुसता सराव करत बसावं लागेल.