मालक शोधा, मग ‘हॅव’ लावा

गोव्यात मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेऊन पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या विद्यार्थ्याला ‘हॅव, हॅज, हॅड, हॅविंग’ ही रूपे पाठ असतात, पण वाक्य करताना तो अडखळतो. रूपांचा तक्ता पुन्हा घोकण्यापेक्षा आपल्या मराठी वाक्याची घडण आधी नीट पाहावी.

‘माझ्या बहिणीची म्हापशाच्या बाजारात दोन दुकाने आहेत’ या वाक्यात क्रियापद दुकानांप्रमाणे चालते, बहिणीप्रमाणे नव्हे; म्हणूनच ‘आहेत’. हीच सवय इंग्रजीत उतरली की ‘माय सिस्टर हॅव टू शॉप्स’ असे चुकीचे वाक्य तयार होते. इंग्रजीत मालकी ज्याची, त्याच्याप्रमाणे क्रियापद चालते, म्हणून ‘माय सिस्टर हॅज टू शॉप्स’ असेच लिहावे. ‘माझ्याकडे छत्री आहे’, ‘मला भाऊ आहे’, ‘घराला चार खिडक्या आहेत’ या वाक्यांतही आधी मालक शोधावा, त्याला कर्ता करावे आणि मगच रूप निवडावे. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर ‘हॅज’, एरवी ‘हॅव’ आणि भूतकाळात सर्वांना ‘हॅड’. मात्र प्रश्नात ‘डज’ आले की पुढे मूळ रूपच येते: ‘डज शी हॅव अ शॉप?’

मालकी सांगताना ‘हॅविंग’ वापरू नये. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, तरी प्रमाण इंग्रजीत ते चूक आहे. ‘वी आर हॅविंग लंच’ चालते, कारण तेथे अर्थ जेवण्याचा आहे.

सहायक क्रियापद म्हणून ‘हॅव’ पूर्ण काळ (परफेक्ट टेन्स) घडवते. रायबंदरच्या धक्क्यावर पोहोचल्यावर चोडणची फेरीबोट समोर नसेल, तर ‘द फेरी हॅज लेफ्ट’ म्हणावे, कारण जाण्याचा परिणाम आत्ता डोळ्यांपुढे आहे. पण वेळ सांगायची झाली, की साधा भूतकाळच हवा: ‘द फेरी लेफ्ट ॲट नाइन’. ‘हॅज लेफ्ट ॲट नाइन’ असे लिहू नये. ‘शी हॅड हॅड फीव्हर’ यातील पहिले ‘हॅड’ सहायक आणि दुसरे मुख्य क्रियापद आहे. ही द्विरुक्ती छपाईची चूक नव्हे.

‘आय हॅव टू गो’ म्हणजे मला जावे लागेल. त्याचा नकार विशेष जपून वापरावा: ‘यू डोंट हॅव टू गो’ याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असा नसून ‘जायलाच हवे असे नाही’ एवढाच आहे. मनाई करायची असेल तर ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणावे.